गाडी पुसू नका, धुवा

रात्री पार्किंगमध्ये एखाद्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर मोबाइलचा टॉर्च धरा. उजेडाभोवती बारीक रेघांची गोल गोल जाळी दिसेल. टॉर्च हातभर सरकवा, जाळीचं केंद्रही सोबत सरकेल. म्हणजे चरे मुळात गोल नाहीतच. ते उभे, आडवे, तिरके असे सगळीकडे पडलेले आहेत. पण त्यांतले जे प्रकाशाच्या दिशेशी काटकोनात येतात तेवढेच आपल्या डोळ्यांकडे उजेड फेकतात, आणि असे चरे दिव्याभोवती वर्तुळातच सापडतात. ‘गोल पुसू नका, सरळ पुसा’ असं सांगितलं जातं, त्यात थोडं तथ्य आहे. सरळ पुसल्यावर चरे एका ठरावीक बाजूनं पाहिलं तरच दिसतात. पडायचे मात्र थांबत नाहीत.

चकाकी म्हणजे तरी काय? पृष्ठभाग गुळगुळीत असला की आलेला प्रकाश एकाच दिशेनं परततो आणि बॉनेटमध्ये समोरच्या इमारतीच्या खिडक्यासुद्धा मोजता येतात. चरे पडले की तो विखुरतो आणि काळा रंग करडा, मळकट भासू लागतो. पांढऱ्या गाडीवरही चरे तितकेच असतात, फक्त ते कुणाच्या नजरेत भरत नाहीत.

हे चरे ज्या थरावर पडतात तो फार पातळ असतो. कारखान्यात गाडीचा सांगाडा आधी टाकीत बुडवून विजेच्या साहाय्यानं गंजरोधक थर चढवतात. त्यावर प्रायमर, मग प्रत्यक्ष रंग, आणि सगळ्यांत वर रंगहीन, पारदर्शक क्लिअर कोट. सगळं मिळून साधारण 100 ते 130 मायक्रॉन, आणि त्यात क्लिअर कोटचा वाटा 40-50 मायक्रॉनचा. माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. चकाकी याच थराची, आणि उन्हातली अतिनील किरणं शोषून खालचा रंग वाचवणारी द्रव्यंही याच थरात मिसळलेली असतात. म्हणूनच दर दिवाळीला गाडी ‘रबिंग-पॉलिश’ला देणं मला पटत नाही. पॉलिशनं चरे भरले जात नाहीत. चऱ्यांच्या तळापर्यंतचा क्लिअर कोटच खरवडला जातो. दर वेळी काही मायक्रॉन जातात आणि ते परत येत नाहीत. थर फारच झिजला की टपावर पापुद्रे सुटू लागतात आणि मग पुन्हा रंगवण्यावाचून गत्यंतर नसतं.

आता धुळीकडे वळू. दख्खनच्या पठारावर पायाखाली बेसाल्ट. त्यातली फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन ही खनिजं मोह्जच्या कठीणतेच्या मापावर (1 ते 10; वरच्या आकड्याचा पदार्थ खालच्यावर चरा पाडतो) 5 ते साडेसहाच्या घरात येतात. वाळूतलं क्वार्ट्‌झ 7. काच साधारण साडेपाच, म्हणजे रस्त्यावरची धूळ काचेलाही चरे पाडू शकते. क्लिअर कोट हे तर शेवटी एक पॉलिमर, प्लास्टिकच्या जातीचं, या सगळ्यांच्या कितीतरी खाली. शेजारी बांधकाम चालू असेल तर विचारायलाच नको.

पण धूळ नुसती बसून काही बिघडवत नाही. ती दाबून ओढली की चरा पडतो. सोसायटीत रोज पहाटे एक माणूस बादली आणि फडकं घेऊन एकामागून एक गाड्या पुसत जातो. पहिल्या गाडीची धूळ फडक्यातून बादलीत, बादलीतून पुन्हा फडक्यात आणि तिथून पुढच्या गाडीवर. दोष त्याचा नाही. महिन्याला जेवढे पैसे आपण देतो तेवढ्यात गाडी धुऊन मिळत नाही, पुसूनच मिळते. लांब दांड्याचा मऊ झाडू आणि सैल बसलेलं कव्हरही याच पंथातले. धुळकट गाडीवर कव्हर घातलं आणि वारा सुटला की ते स्वतःच फडक्याचं काम करतं. माझं मत विचाराल तर गाडी आठवडाभर धुळकट राहिली तरी चालेल, रोज कोरडी पुसलेली नको.

धुण्याचा सगळा खटाटोप कण न घासता उचलण्यासाठी असतो. म्हणून आधी गाडीला हात न लावता पाणी मारायचं. सुट्टे कण त्यानंच वाहून जातात, चिकटलेले भिजून सैल पडतात. पाइप हवाच असं नाही. झाडांवर फवारायचा हातपंप पुरतो. (शेतातला औषध मारायचा पंप मात्र आणू नका.) मग दोन बादल्या: एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवून टपापासून सुरुवात करायची आणि प्रत्येक भाग झाला की आधी साध्या पाण्यात खळबळायचा. माती त्या बादलीच्या तळाशी बसते, शाम्पू स्वच्छ राहतो. मायक्रोफायबरचा धागा 10 मायक्रॉनपेक्षाही बारीक असतो, त्यामुळे कण धाग्यांच्या जंगलात आत शिरतो; सपाट सुती फडक्यात तो फडकं आणि रंग यांच्या मध्येच राहतो. दारांचा खालचा भाग आणि बंपर सगळ्यांत शेवटी, कारण चाकांनी उडवलेला चिखल तिथंच असतो. एवढ्याला साधारण 25-30 लिटर पाणी लागतं. पाइप सोडून ठेवला तर दहा मिनिटांत 100 लिटर सहज जातात, आणि टँकरच्या दिवसांत ते बघवत नाही.

शाम्पूचं अर्धं काम मळ सोडवण्याचं आणि अर्धं वंगणाचं: कण आणि रंग यांच्यात निसरडा पडदा धरायचा. कपड्यांच्या पावडरीत सोडा असतो. ती गाडीवर संरक्षणासाठी लावलेलं मेण चटकन उतरवते. भांडी घासायच्या वडीत तर घासण्यासाठीच खनिजांची पूड घातलेली असते. डिझेलचं फडकं फिरवून गाडी ‘चमकवणारे’ गॅरेजवाले अजून आहेत. तेलकट थर चऱ्यांत भरतो, दोन दिवस चकाकी दिसते, मग त्याच थरावर धूळ चिकटून बसते.

धुऊन झाल्यावर गाडी उन्हात वाळू दिली तर पांढरट ठिपके उमटतात. त्याबद्दल एक समज फार पसरलेला आहे: पाण्याचे थेंब भिंगासारखे ऊन एकवटतात आणि रंग भाजतो. पानांच्या बाबतीत हंगेरीतल्या संशोधकांनी 2010 मध्ये हे तपासलं. गुळगुळीत पानांवर थेंबांनी डाग पडले नाहीत. थेंब पृष्ठभागाला चिकटून असतो आणि त्याचा केंद्रबिंदू खूप खाली पडतो. गाडीवरचे ठिपके असतात क्षारांचे. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात. पाणी उडालं की कॅल्शियम कार्बोनेट मागे उरतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकानुसार विरघळलेल्या घनद्रव्यांची इष्ट मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. म्हणजे चांगलं पिण्याजोगं पाणीसुद्धा लिटरमागे अर्धा ग्रॅम पूड ठेवून जाऊ शकतं. म्हणून गाडी सावलीत धुवा, लगेच टिपून घ्या. ताजे ठिपके पाणी मिसळलेल्या व्हिनेगरनं जातात, कारण आम्लात कार्बोनेट विरघळतं; नंतर भरपूर पाणी ओतायचं. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी साठवलंत तर शेवटच्या विसळणीला त्याच्याइतकं चांगलं काही नाही, त्यात क्षार जवळजवळ नसतातच.

कबुतरांची विष्ठा त्याच दिवशी काढा. त्यातली विकरं (एन्झाइम) तापलेल्या क्लिअर कोटवर खुणा कोरतात. रंगांच्या प्रयोगशाळांत तिच्याऐवजी पॅनक्रियाटिन हे विकरांचं मिश्रण वापरून चाचण्या घेतात. खरवडू मात्र नका. ओलं फडकं दहा मिनिटं ठेवा आणि उचला.

स्वच्छ गाडीवर मग संरक्षक थर. पाण्याचा थेंब पृष्ठभागाशी जो कोन करतो तो 90 अंशांहून जास्त असला की पृष्ठभाग पाणी झटकतो असं म्हणतात. मेण लावलेल्या गाडीवर तो 100 च्या आसपास असतो, अळूच्या पानावर 150 च्या वर. अळूवर मेणासोबत सूक्ष्म उंचवटे असतात, त्यांच्यात हवा अडकते आणि थेंब हवेवरच तरंगत घरंगळतो. गाडीवर असे उंचवटे का करत नाहीत? कारण तेच उंचवटे प्रकाश विखुरतात. अळूचं पान कधी चकाकत नाही, ते यामुळेच.

गाडीच्या मेणात कार्नोबा असतो. ईशान्य ब्राझीलच्या कोरड्या प्रदेशात वाढणारा हा ताड पानांतलं पाणी उडू नये म्हणून त्यांच्यावर मेण चढवतो. ते 80 अंशांच्या पुढे वितळतं, इतर मेणांच्या मानानं बरंच उशिरा. तरी आपल्या उन्हापावसात काही आठवडेच टिकतं. सिलिकॉन पॉलिमरचे सीलंट काही महिने जातात, लावायलाही सोपे. घरच्या घरी करणाऱ्याला मी तेच सुचवीन.

सिरॅमिक कोटिंगची जाहिरात ‘9एच’ या आकड्यावर चालते आणि ऐकणाऱ्याला वाटतं, माणिक-नीलमाइतकं कठीण. मोह्जच्या मापावर 9 म्हणजे खरोखरच माणिक-नीलम. पण 9एच ही पेन्सिल आहे. वेगवेगळ्या कठीणतेच्या पेन्सिली थरावर ओढून पाहायची चाचणी असते. सर्वांत कठीण पेन्सिलीनंही ओरखडा पडला नाही, एवढाच त्याचा अर्थ. क्वार्ट्‌झचा कण पेन्सिल नव्हे. जेमतेम मायक्रॉनभर जाडीचा, हवेतल्या ओलाव्याशी संयोग पावून घट्ट होणारा हा सिलिकॉन-ऑक्सिजनचा थर रसायनांना चांगला दाद देत नाही आणि गाडी धुणं सोपं करतो. फडक्याचे चरे तो अडवत नाही, आणि लावताना खाली जे चरे असतील ते तसेच बंद होतात.

थर शिल्लक आहे की नाही हे शाम्पूनं धुतल्यावरच पाहा, कारण धुळीच्या पापुद्र्यावर मेण असूनही पाणी पसरतं. बॉनेटवर मगभर पाणी ओता. गोळे होऊन किंवा एकसंध घसरून गेलं तर अजून वेळ आहे; सपाट डबकं होऊन चिकटून राहिलं तर पुन्हा लावा. टप आणि बॉनेट सर्वाधिक ऊन खातात, तिथला थर आधी जातो. दारांवर तो शाबूत असेल तर तेवढ्याच दोन भागांवर हात फिरवला तरी पुरतं.