गिळता येतं, तरी नाकात नळी

मोठा मेंदू निकामी झाला तरी गिळण्याची क्रिया संपतेच असं नाही. तिचं नियंत्रण मेंदूच्या देठात असतं. देठ शाबूत असेल तर घशापर्यंत पोचलेला घास बहुधा खाली उतरतो. अडतं ते त्याआधी. चावणं, जिभेनं घास मागे ढकलणं ही कामं मोठ्या मेंदूची. म्हणून अशा रुग्णाला उठतं बसवून, कुस्करलेलं मऊ अन्न चमच्याचमच्यानं भरवतात. घाई केली की ठसका, आणि पाठोपाठ न्यूमोनियाची भीती.

राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून जठरात जाणारी नळी, १९२१ ची, मुळात जठररस तपासण्यासाठी काढलेली. पोटातून थेट जठरात जाणारी पेग नळी १९८० च्या सुमारास आली.

आपल्याकडचा दयामरणाचा वाद मात्र मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयातल्या अरुणा शानबाग या परिचारिकेचा. हल्ल्यात मेंदूला इजा झाल्यामुळे १९७३ पासून ती तिथेच खाटेवर होती. सहकारी परिचारिका तिला हातानं भरवत. मासे किंवा चिकन सूप दिलं की चेहरा खुलतो, असं रुग्णालयाचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयातल्या अर्जात मागणी होती ती तिचं खाणं थांबवण्याची. ७ मार्च २०११ ला न्यायालयानं ती फेटाळली: इतकी वर्षं सांभाळणाऱ्यांना ती जगायला हवी आहे, आणि तिच्या वतीनं बोलायचा हक्क त्यांचा. निष्क्रिय दयामरणाची, म्हणजे जगवणारे उपचार थांबवून मृत्यू येऊ देण्याची, वाट मात्र उच्च न्यायालयाच्या परवानगीच्या अटीवर उघडली.

या निकालाला मोठा आधार होता १९९३ च्या ब्रिटिश निकालाचा. तिथला तरुण पूर्णपणे नळीवर होता, आणि नळीचं अन्न हा उपचाराचाच भाग मानून ते थांबवायला परवानगी मिळाली. तोंडात घातलेला घास गिळणाऱ्या बाईला तोच नियम कसा लावायचा? गंमत अशी की सप्टेंबर २०१० मध्ये मलेरिया झाल्यावर तिलाही नळी घालावी लागली होती. म्हणजे निकालाच्या दिवशी परळची खाट ब्रिटिश प्रकरणाच्या बरीच जवळ सरकली होती, तरी बाहेरची सगळी चर्चा कुस्करलेल्या अन्नावरच चालली. चमचा आणि नळी यांतला फरक तेव्हाच नीट मांडला जायला हवा होता.

२०१५ च्या मे महिन्यात ती न्यूमोनियानं गेली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं, असे उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणाऱ्या इच्छापत्राला (लिव्हिंग विल) मान्यता दिली, २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी झाली. तरीही २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं नळीनं अन्न घेणाऱ्या एका तरुणाच्या बाबतीत निष्क्रिय दयामरणाचा अर्ज नाकारला. कारण, तो कुठल्याही यंत्रावर नव्हता.