चार क्विंटलचा ठोसा

मे महिन्यात अमळनेरजवळच्या मामाच्या गावी रात्री घरात झोपायची सोय नसते. कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन सगळे धाब्यावर अंथरुणं टाकतात. अशाच एका रात्री मी मोबाइलवर 1974 साली आफ्रिकेतल्या किन्शासात झालेली बॉक्सिंगची लढत लावली आणि मामाच्या हातात दिली. मामा तरुणपणी जत्रेच्या कुस्त्या खेळलेला. बॉक्सिंग म्हणजे त्याच्या लेखी बसस्टँडवरची मारामारी. मुहम्मद अलीचं नाव त्याने ऐकलं होतं, जॉर्ज फोरमनचं नव्हतं. मी सांगितलं, हा फोरमन, वय 25, लढती 40, चाळीसच्या चाळीस जिंकल्या आणि त्यातल्या 37 नॉकआउट, म्हणजे समोरच्याला उठता येणार नाही असं पाडून. समोरचा अली 32 वर्षांचा. मामा थोडा वेळ गप्प बघत राहिला. मग म्हणाला, “भाचा, त्याना हातकडे नको देखू. पायसकडे देख.”

मामाचं म्हणणं आकड्यांवर घासून बघू. 1985 मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी फ्रँक ब्रुनो या हेवीवेट बॉक्सरचा ठोसा मोजला. मुठीचा वेग निघाला सेकंदाला 8.9 मीटर, म्हणजे ताशी 32 किलोमीटर. गावातली मोपेडही एवढ्या वेगाने जाते, त्यात विशेष काही नाही. विशेष आहे तो जोर: सुमारे 4,100 न्यूटन. काट्यावरच्या भाषेत चार क्विंटलहून थोडा जास्त. चार क्विंटल कापूस गाडीत भरायचा तर दोघांचा घाम निघतो. तेवढा भार मुठीएवढ्या जागेवर आणि टेकल्यापासून 0.014 सेकंदात. त्याच संशोधकांनी तुलना दिली होती ती सहा किलोच्या, गादी बांधलेल्या लाकडी हातोड्याची.

आता वेळेचा हिशेब. सरळ ठोशाला खांद्यापासून हनुवटीपर्यंत यायला साधारण एक दशांश सेकंद लागतो. डोळ्याने पाहिलं, मेंदूला कळलं आणि स्नायू हलला, एवढ्या कामाला चांगल्या खेळाडूलाही एक पंचमांश सेकंदाच्या आसपास लागतो. गणित तिथेच संपलं. मूठ सुटल्यावर तिला चुकवू म्हणणारा माणूस ठोसा खाऊन झाल्यावर मान हलवतो.

मग बॉक्सर ठोसे चुकवतात कसे? ते ठोसा पाहतच नाहीत, ठोशाची तयारी पाहतात. जोरदार ठोसा हातातून निघत नाही, जमिनीतून निघतो. मागची टाच उचलते, गुडघा आत वळतो, कंबर फिरते, मग खांदा आणि सगळ्यात शेवटी मूठ. प्रत्येक सांधा पुढच्याला वेग देत जातो. मूठ दिसण्याआधी पाय चहाडी करतात. कुस्तीत खडाखडी चालू असताना जाणता पैलवान समोरच्याच्या हाताला भुलत नाही, कोणत्या पायावर भार गेला ते बघतो. मामा तेच बघत होता.

इतकी काळजी का घ्यायची, तर डोक्यासाठी. हेवीवेट म्हणजे 200 पौंडांच्या, म्हणजे 90.7 किलोच्या वरचा गट, आणि वर मर्यादाच नाही. माणूस साठ किलोचा असो की एकशेदहाचा, मेंदू साधारण दीड किलोच्या आतच. मारणारा हात वाढला, मार खाणारा मेंदू तेवढाच राहिला. विरजलेल्या दह्याचं मडकं हिसका देऊन फिरवलं तर मडकं आधी फिरतं, दही मागे राहतं आणि कडेने फाटतं. हनुवटीवर बाजूने ठोसा बसला की डोकं असंच गर्रकन वळतं आणि मेंदूतले मज्जातंतू ताणले जातात. हनुवटी मानेच्या सांध्यापासून लांब, म्हणून ती तरफेच्या टोकासारखी वागते. येणारा ठोसा दिसला असेल तर मान आपोआप आवळली जाते, डोकं धडाशी जोडलं जातं आणि फिरणं कमी होतं. झोपवतो तो बहुतेक वेळा न दिसलेला ठोसा. दहा औंसाचा ग्लोव्ह मुठीची हाडं वाचवतो, समोरच्याचा मेंदू नाही. लोकांचा समज उलटा असतो.

तेव्हा अशा मारकुट्यासमोर योजना काय करायची? पहिली गोष्ट अंतर. मूठ सर्वांत वेगात असते ती हात पूर्ण ताणला जाण्याच्या थोडी आधी. त्या पट्ट्यात उभं राहायचं नाही. एकतर बाहेर, नाहीतर पार अंगाला अंग. बाहेर राहण्याचं उत्तम उदाहरण म्हणजे 11 फेब्रुवारी 1990 ची टोकियोची लढत. माइक टायसन तोवर 37 पैकी 37 जिंकलेला, आणि समोरच्या बस्टर डग्लसवर सट्टा 42 ला 1, म्हणजे तो जिंकेल असं जवळजवळ कुणालाच वाटत नव्हतं. डग्लसच्या हाताचा पल्ला टायसनपेक्षा सुमारे फूटभर जास्त. त्याने डाव्या हाताचा जॅब, म्हणजे झटपट सरळ ठोसा, सतत पुढे ठेवला. जॅबने माणूस क्वचितच पडतो, पण त्याची टाच उचलण्याची वेळ मोडते. आठव्या फेरीत डग्लस स्वतः पडला, उठला आणि दहाव्या फेरीत टायसन झोपला.

आत शिरण्याचं उदाहरण टायसन फ्युरीचं. डिऑन्टे वाइल्डरने 42 विजयांपैकी 41 नॉकआउटने मिळवले होते. त्याच्या उजव्या हाताला धावपट्टी लागते. फेब्रुवारी 2020 मध्ये फ्युरी 273 पौंड वजन घेऊन आला आणि मागे सरकण्याऐवजी पुढेच चालत राहिला. मागे हटणाऱ्याची मागची टाच जमिनीवर घट्ट बसत नाही, मग ठोसा आणायचा कुठून? जवळ आला की फ्युरी सगळं वजन वाइल्डरच्या मानेवर टाकायचा. सातव्या फेरीत वाइल्डरच्या कोपऱ्यातून टॉवेल आला, म्हणजे त्याच्याच माणसांनी हार मानली.

फिरायचं कुठे, हेही ठरलेलं असतं. समोरच्याचा उजवा हात भारी असेल तर आपण आपल्या उजवीकडे सरकायचं, डावा हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने येणारा ठोसा, भारी असेल तर डावीकडे.

दुसरी गोष्ट इंधन, आणि इथे पुन्हा किन्शासा. पूर्ण ताकदीच्या ठोशाला लागणारी ऊर्जा स्नायूंत साठवलेल्या फॉस्फेटमधून येते. तो साठा सलग वापरला तर आठ-दहा सेकंदांचा. पुढचं काम साखर जाळून, आणि ते मंद. त्यात ठोसा हुकला तर नुकसान दुप्पट. बसलेला ठोसा समोरच्याचं शरीर थांबवतं, हुकलेला आपल्याच स्नायूंना ब्रेक लावून थांबवावा लागतो. शिवाय उकाडा. मोठ्या देहात उष्णता वजनाच्या प्रमाणात तयार होते, बाहेर पडायला कातडी मात्र त्या मानाने कमी. भुसावळच्या मे महिन्यात जाड माणूस आधी का हाशहुश्श करतो, त्याचं कारण हेच. फोरमनच्या आधीच्या मोठ्या लढती दोन फेऱ्यांत आटोपल्या होत्या, फ्रेझरचीही आणि नॉर्टनचीही. ही लढत पंधरा फेऱ्यांची ठरलेली.

अलीने पहिल्या फेरीत थेट उजव्या हाताने सुरुवात केली. उजवा हात लांबून येतो, म्हणून धोकादायक माणसासमोर सहसा कुणी तसं करत नाही, आणि फोरमनला ते अपेक्षितही नव्हतं. दुसऱ्या फेरीपासून मात्र अली दोरांना टेकून उभा राहिला. कोपऱ्यातून त्याचे प्रशिक्षक अँजेलो डंडी ओरडत होते, दोरांपासून दूर हो. दोर मागे दबतात, धक्क्याला वेळ मिळतो, आणि धक्का तोच पण वेळ जास्त म्हणजे जोर कमी. ठोसे दंडांवर, कोपरांवर, बरगड्यांवर पडत राहिले.

“मान दाबी ऱ्हायना!” मामा एकदम उठून बसला. मी हे कधी नीट पाहिलं नव्हतं. फोरमन जवळ आला की अली त्याच्या मानेमागे हात टाकून डोकं खाली ओढत होता. कुस्तीत मान खेचतात ती दम काढायलाच. दर वेळी फोरमनला आपलं डोकं आणि वर अलीच्या देहाचा भार उचलून सरळ व्हावं लागत होतं.

एवढी योजना केली म्हणजे माणूस सुरक्षित झाला का? आकडा करून बघा. समजा एका फेरीत साफ ठोसा बसण्याची शक्यता फक्त पाच टक्के. बारा फेऱ्यांत तो कधीतरी बसण्याची शक्यता 46 टक्के होते. फेरीची शक्यता दोन टक्क्यांवर आणली तर साडेएकवीस. शून्य कधीच होत नाही. पाय थकतात, वेग जातो, पण मारकुट्याची ताकद सर्वांत शेवटी जाते. याच फोरमनने 1994 मध्ये, 45 व्या वर्षी, गुणांवर मागे असताना दहाव्या फेरीत मायकेल मूररला झोपवलं.

सातव्या फेरीत मामा म्हणाला, “हाऊ आते पडी.” आठव्या फेरीच्या शेवटी फोरमन फिरत खाली गेला. तो पडत असताना अलीचा उजवा हात तयार होता आणि त्याने तो मारला नाही. मामाने ते तीनदा मागे नेऊन पाहिलं, मग विचारलं, “आन् ज्याने एवढा मार खाल्ला, त्याचं पुढे काय झालं?”

1984 मध्ये अलीला पार्किन्सन असल्याचं निदान झालं. त्यात ठोशांचा वाटा किती, यावर डॉक्टरांचं एकमत नाही. 1996 ला अटलांटात ऑलिंपिकची ज्योत पेटवताना त्याचा हात किती थरथरत होता, तेही मी मामाला दाखवलं. त्याने मोबाइल उलटा करून उशाखाली सरकवला आणि पाण्याचा तांब्या मागितला.