कर्करोग पसरेल का? ऊतींमधल्या खुणांच्या शोधाची पार्श्वभूमी

स्तनाच्या गाठीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट आला की त्यात ईआर, पीआर, हर-टू आणि बहुतेकदा केआय-६७ ही गाठीच्या पेशींतल्या प्रथिनांची नावं असतात. कोणतं औषध लागू पडेल आणि पेशी किती वेगाने वाढताहेत, हे त्यावरून कळतं. पण बाईच्या आणि घरच्यांच्या मनात पहिला प्रश्न असतो तो पसरण्याचा. त्या प्रश्नावरही शंभराहून अधिक वर्षं काम झालं आहे, आणि ते रिपोर्टपर्यंत फार थोडं पोचलं आहे.

लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. यकृतात रोग पोचल्याची २४१ उदाहरणं सापडली, प्लीहेत फक्त १७. रक्त तर दोन्हीकडे भरपूर जातं. म्हणून त्यांनी मांडलं की बी सगळीकडे उडतं, पण अनुकूल मातीतच रुजतं. त्याच काळात अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड यांचं मत वेगळं होतं: रोग स्तनातून काखेकडे सलग सरकत जातो, तेव्हा छातीच्या स्नायूंसकट सगळं काढून टाका. पुढची कित्येक दशकं हीच शस्त्रक्रिया चालली आणि मातीचा विचार मागे पडला.

तो परत आला जीवरसायनशास्त्राच्या वाटेने. बेडकाच्या पिलाची शेपटी झडते कशी, हे शोधताना १९६२ मध्ये ग्रॉस आणि लापिएर यांना कोलॅजन, म्हणजे ऊतींना बांधून ठेवणारं प्रथिन, विरघळवणारं एन्झाइम सापडलं. दूधनलिकेभोवती बेसमेंट मेम्ब्रेन नावाचं पातळ पटल असतं. ते ओलांडल्याशिवाय गाठ आक्रमक होत नाही. या पटलातलं कोलॅजन तोडण्याची क्षमता आणि रोग पसरवण्याची क्षमता बरोबरीने वाढतात, हे लान्स लिओटा आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दाखवलं. मग या एन्झाइमांना रोखणारी औषधंही निघाली. मॅरिमास्टॅटसारख्या गोळ्यांनी सांधे दुखले, पण स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगात फायदा दिसला नाही.

रोगाचा पुढचा अंदाज देणारी खूण म्हणून मात्र एक जोडी टिकली. डब्लिनच्या डफी यांच्या गटाने १९८८ मध्ये दाखवलं की गाठीत युरोकायनेज (यूपीए) हे एन्झाइम जास्त असेल तर रोग उलटण्याचा धोका वाढतो. पाठोपाठ म्यूनिकच्या संशोधकांनी पीएआय-१ मोजलं. हे यूपीएला अडवणारं प्रथिन, म्हणजे ते जास्त असणं चांगलंच, असं कुणालाही वाटेल. आढळलं उलटं: तेही जास्त असलं की परिणाम वाईट. २००२ मध्ये ८,३७७ रुग्णांची माहिती एकत्र करून हे तपासलं, तेव्हाही निष्कर्ष कायम राहिला. काखेत रोग नसलेल्या कोणत्या स्त्रियांना केमोथेरपी टाळता येईल, हे ठरवायला अमेरिकन कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००७ मध्ये या चाचणीला मान्यताही दिली.

तरी ती सर्वत्र रुळली नाही. कारण अगदी साधं होतं: तिला ताजा किंवा गोठवलेला तुकडा लागतो, तोही पुरेशा आकाराचा. जगभर गाठ फॉर्मेलिनमध्ये पडते आणि मेणाच्या ब्लॉकमध्ये जाते. गाठी लहान असतानाच सापडू लागल्यावर तर बाजूला काढायला ऊतीच उरेना. इतका भक्कम पुरावा साठवणुकीच्या पद्धतीपुढे हरला, याची मला मनापासून हळहळ वाटते.

पॅजेट यांची माती खऱ्या अर्थाने दिसली ती १९९० मध्ये, स्ट्रासबुर्गला. तिथे सापडलेलं स्ट्रोमेलायसिन-३ हे एन्झाइम कर्करोगाच्या पेशींमध्ये नव्हतं, त्यांच्या शेजारच्या संयोजी ऊतीतल्या पेशी ते बनवत होत्या. २००४ मध्ये मेणाच्या ब्लॉकवरच चालणारी, रोग उलटण्याचा धोका सांगणारी २१ जनुकांची चाचणी आली, तेव्हा तिच्या 'आक्रमण' गटात दोन जनुकं घेतली गेली. त्यातलं एक हेच. पण त्या चाचणीच्या गुणांकात पेशीवाढीच्या गटाला १.०४ इतकं वजन आहे आणि आक्रमणाच्या गटाला ०.१०.