प्रांताकडचा अर्ज आणि पोलिसातली तक्रार: दोन्ही एकच नव्हेत

"म्हणजे पोराला आता तुरुंगात घालू?" घरात छळ होत असलेल्या आजी-आजोबांना 'कुणाला तरी सांगा' म्हटलं की हा प्रश्न येतोच. त्यांचं चुकत नाही. सल्ला देणारेच 'पोलिसात जा' यापलीकडे काही सांगत नाहीत. मग माणूस गप्पच बसतो.

पोलीस तक्रार सगळ्यांना माहीत आहे. मारहाण, धमकी, जिवाला धोका असेल तर सरळ ११२ लावायचा. तिथे 'घरातलं घरात' वगैरे ऐकून घ्यायचं नाही.

दुसरी वाट २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याची. त्यात निर्वाह न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा असतो, म्हणजे आपल्याकडे सहसा उपविभागीय अधिकारी, ज्यांना लोक प्रांत म्हणतात. फरक इथे आहे. पोलीस पाहतात, गुन्हा कोणता घडला. प्रांत पाहतात, या माणसाचं रोजचं भागतंय का आणि ते भागवायची जबाबदारी कुणाची. गंभीर गुन्हा एकदा नोंदवला गेला की आईने 'जाऊ द्या हो' म्हटल्याने तो आपोआप मिटत नाही. न्यायाधिकरण मात्र सुनावणीआधी प्रकरण समेटासाठी पाठवू शकतं, आणि तिथे जे ठरेल त्याचाच आदेश निघतो. जमलं नाही तर निर्वाह भत्ता ठरतो, कायद्याप्रमाणे दरमहा कमाल १०,००० रुपये. तुरुंग याही वाटेवर आहे, पण पार शेवटी: आदेश होऊनही पैसे थकवले, तर एक महिन्यापर्यंत. (म्हाताऱ्या माणसाला टाकून देणं हा याच कायद्यातला वेगळा गुन्हा आहे.)

किरकोळ बाबी: ज्येष्ठ म्हणजे ६० पूर्ण, पण आई-वडिलांना वयाची अट नाही. अर्ज मुलीविरुद्धही चालतो. 'ती परक्या घरची' हे कायदा मानत नाही. स्वतःला जमत नसेल तर दुसऱ्याला अधिकार देऊन त्याच्यामार्फत अर्ज करता येतो.

हे दुसरे लोक अर्ज लिहितात तेव्हा मात्र माझं डोकं फिरतं. दोन पानं 'नराधम मुलगा', 'संस्कारांचा ऱ्हास', आणि औषधांना महिन्याला किती लागतात याचा पत्ता नाही! साधं लिहा: पेन्शनचं पासबुक आणि एटीएम कार्ड कुणाकडे आहे, डॉक्टरकडे शेवटचं कधी नेलं, दोन वेळचं जेवण मिळतं का. हे त्यांना एकटं गाठून विचारायचं. मुलासमोर 'बाबा, काही त्रास नाही ना?' विचारलं तर 'छे, सगळं मजेत' हेच उत्तर मिळणार.

आणि अर्जाचीही तयारी नसेल, तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, मोफत. तिथे नुसतं बोलून सल्ला घेता येतो. फोन केला म्हणून कुणावर केस होत नाही.