बर्लिनच्या भिंतीपाशी बदललेला सूर : यू-टूच्या ‘आख्टुंग बेबी’मागची गोष्ट

३० डिसेंबर १९८९. डब्लिनच्या पॉइंट डेपो सभागृहात यू-टू या आयरिश रॉक बँडचा कार्यक्रम सुरू होता. मध्येच गायक बोनो श्रोत्यांशी बोलू लागला. आमच्यासाठी इथे काहीतरी संपतंय, आता दूर जाऊन सगळं पुन्हा नव्यानं स्वप्नात पाहावं लागेल, अशा अर्थाचं तो बोलला. घरच्या गावात, घरच्या माणसांसमोर बोललेल्या या शब्दांवरून बँड फुटणार अशी चर्चा लगेच सुरू झाली. बँड फुटला नाही. पण पुढच्या दोन वर्षांत तो फुटण्याच्या अगदी जवळ गेला, आणि त्याच दोन वर्षांतून ‘आख्टुंग बेबी’ हा अल्बम निघाला.

बोनोला काय संपवायचं होतं, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. मार्च १९८७ मध्ये ‘द जोशुआ ट्री’ हा अल्बम आला आणि आयर्लंडची ही चौकडी जगातला सर्वात मोठा रॉक बँड झाली. ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकली. त्यांचा आवाज तेव्हा कुणालाही दोन सेकंदांत ओळखता येई. द एजच्या गिटारचे प्रतिध्वनीत भिजलेले स्वर, वर मोकळ्या गळ्यानं गाणारा बोनो, आणि या सगळ्यात भरलेली मैदानासारखी प्रशस्त जागा. १९८८ मध्ये ‘रॅटल अँड हम’ हा अल्बम आणि त्याच नावाचा चित्रपट आला. त्यात बँड अमेरिकी संगीताच्या मुळांकडे गेला : मेम्फिसचा सन स्टुडिओ, ब्लूज गायक बी. बी. किंगसोबत गाणं, हार्लेमचा गॉस्पेल म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं गाणारा वृंद. अल्बम भरपूर खपला, पण समीक्षकांनी झोडपला. ही पोरं स्वतःला थोरांच्या रांगेत बसवतायत, असा सूर होता. मला त्या संगीतावरचं त्यांचं प्रेम अस्सल वाटतं. अडचण वेगळी होती. आपण काय शिकतोय हे दाखवण्यात ते इतके रमले, की शिकलेलं पचायला वेळच उरला नाही.

बदलाची बीजं बर्लिनच्या आधीच पडली होती. १९९० मध्ये बोनो आणि एज यांनी रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ या नाटकाला संगीत दिलं, आणि त्यात इलेक्ट्रॉनिक आवाजांशी खेळून पाहिलं. एड्सविरोधी निधीसाठी निघालेल्या एका संकलनाकरता त्यांनी कोल पोर्टरचं जुनं गाणं यंत्रांच्या तालावर बसवलं. एज तेव्हा नाइन इंच नेल्ससारखं कर्कश, कारखान्याच्या आवाजाचं संगीत ऐकत होता. ड्रमर लॅरी मलन मात्र नेमका उलट्या दिशेनं निघाला होता. आपलं वादन अजून कच्चं आहे असं वाटून तो क्रीम आणि जिमी हेंड्रिक्स यांच्या साठीच्या दशकातल्या रॉककडे परत गेला होता. एकाच बँडचे दोन लोक दोन टोकांना चालले होते, आणि पुढच्या भांडणाचं मूळ इथेच आहे.

ऑक्टोबर १९९० मध्ये निर्माता डॅनियल लानुआसह बँड बर्लिनच्या हान्झा स्टुडिओत पोहोचला. हा स्टुडिओ भिंतीला इतका खेटून होता की संगीतकार त्याला भिंतीलगतचा हान्झा असंच म्हणत. १९७७ मध्ये ब्रिटिश गायक डेव्हिड बोईनं ‘हीरोज’ हा अल्बम इथेच ध्वनिमुद्रित केला. त्यात साथीला ब्रायन ईनो होता, आणि हाच ईनो १९८४ पासून यू-टूचाही निर्माता होता. शिवाय भिंत नुकतीच पडलेली. नव्या युरोपचा जन्म होतोय तिथे आपलंही काहीतरी जन्माला येईल, अशी आशा होती. जर्मनीच्या एकीकरणाच्या दिवशी, ३ ऑक्टोबरच्या सुमारास, ही मंडळी शहरात उतरली आणि जल्लोष शोधत एका मोर्चात घुसली. चालता चालता लक्षात आलं की आजूबाजूचे लोक भिंत पडल्याच्या निषेधासाठी निघालेले जुने कम्युनिस्ट आहेत.

स्टुडिओतलं वातावरणही फार वेगळं नव्हतं. हवा उदास, यंत्रसामग्री जुनी, गाणी अर्धवट. बोनो आणि एजला नाचता येईल असे ताल, विद्रूप केलेले आवाज, ड्रम मशीन हवं होतं. लॅरी आणि बास वाजवणारा अ‍ॅडम क्लेटन विचारत होते, गाणं कुठे आहे? लॅरीसाठी तर हा प्रश्न जिव्हाळ्याचा होता. १९७६ मध्ये शाळेच्या फलकावर चिठ्ठी लावून हा बँड त्यानंच जमवला होता, आणि आता त्याच्या जागी एक यंत्र ताल धरत होतं. लानुआलाही जुन्या यू-टूचा ओढा होता. आठवडे गेले, हाती फारसं काही लागेना.

मग ‘वन’ आलं. आज ‘मिस्टीरियस वेज’ म्हणून माहीत असलेल्या गाण्याचा कच्चा आराखडा वाजवताना एज मधल्या भागासाठी कॉर्डचे दोन वेगवेगळे क्रम शोधत होता. ते दोन्ही एकापाठोपाठ वाजवून बघ, असं लानुआनं सुचवलं. त्यानं वाजवलं, इतर तिघे आपापल्या जागी येऊन सामील झाले, बोनो जागच्या जागी चाल आणि शब्द रचू लागला. काही मिनिटांत गाण्याचा गाभा तयार होता. ‘वन’ हे या अल्बममधलं सर्वांत कमी ‘नवं’ गाणं आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. चार माणसं एका खोलीत एकत्र वाजवतायत, एवढंच त्यात आहे. पण आपण अजून एकत्र गाणं करू शकतो, ही खात्री त्यातून परत मिळाली, आणि ती मिळाल्यावरच बाकीचे प्रयोग पुढे सरकले. प्रयोगांनी बँडला वाचवलं असं अनेकदा लिहिलं जातं. मला क्रम उलटा दिसतो.

बरंचसं काम पुढे १९९१ मध्ये डब्लिनला झालं, आधी डॉकी भागात समुद्राकाठी भाड्यानं घेतलेल्या एका मोठ्या घरात, नंतर विंडमिल लेन स्टुडिओत. बर्लिनच्या कच्च्या फिती दरम्यान चोरीला गेल्या आणि बाजारात बेकायदा विकल्या गेल्या. ईनो अधूनमधून येई, ताज्या कानांनी ऐके आणि जे जुन्या यू-टूसारखं वाटेल ते काढून टाकायला सांगे. याच काळात एजचा संसार मोडला होता. अल्बमभर पसरलेला विश्वासघात, मत्सर, अपराधभाव पोकळीतून आलेला नाही. आधीचा यू-टू जगाच्या अन्यायाबद्दल गात होता, हा यू-टू बंद दाराआडच्या दोन माणसांबद्दल गातो. शेवटच्या ‘लव्ह इज ब्लाइंडनेस’मधलं एजचं गिटार ऐका. तो इतक्या जोरानं वाजवत होता की तारा तुटल्या. माझ्या मते अल्बममधला खरा बदल हा आहे. ‘झू स्टेशन’च्या सुरुवातीला स्पीकर बिघडलाय की काय असं वाटायला लावणारे ड्रम आणि चिरडलेला आवाज, हा त्या बदलाचा पोशाख.

ऑक्टोबर १९९१ मध्ये ‘द फ्लाय’ हे पहिलं गाणं निघालं आणि ब्रिटनमध्ये सलग १६ आठवडे पहिल्या क्रमांकावर बसलेल्या ब्रायन अ‍ॅडम्सला त्यानं खाली उतरवलं. चार माणसं जोशुआ ट्री तोडतायत त्याचा हा आवाज, असं वर्णन बोनोनंच केलं. १८ नोव्हेंबरला अल्बम आला. ‘द जोशुआ ट्री’च्या मुखपृष्ठावरचं कृष्णधवल वाळवंट जाऊन तिथे अँटन कॉर्बाइननं काढलेल्या रंगीत फोटोंची चौकट आली. काळा गॉगल घातलेला, चामड्याच्या कपड्यातला नवा बोनो आला. २९ फेब्रुवारी १९९२ ला फ्लोरिडात ‘झू टीव्ही’ दौरा सुरू झाला, तेव्हा रंगमंचावर टीव्हीचे पडदे होते आणि पूर्व जर्मनीच्या ट्राबांट मोटारी छतापासून लटकत होत्या.

आपल्याकडे हा इतिहास सांगण्याचं एक खास कारण आहे. स्टारच्या वाहिन्यांसोबत एमटीव्ही भारतात आलं तेही १९९१ मध्येच. मुंबई-पुण्यात घरी नुकतीच केबल आलेल्या पुष्कळ मुलांना यू-टू पहिल्यांदा भेटला तो गॉगलवाल्या बोनोच्या रूपातच. त्यांच्यासाठी बदललेला सूर हाच मूळ सूर होता. १५ डिसेंबर २०१९ ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर बँड आला तो ‘द जोशुआ ट्री’चा दौरा घेऊन, आणि त्याच रात्री ‘वन’ही वाजलं. एकमेकांविरुद्ध उभे असलेले दोन काळ तिथे एकाच मंचावर ऐकता आले.

सप्टेंबर २०२३ ते मार्च २०२४ या काळात लास व्हेगासच्या स्फीअर या सभागृहात बँडनं ‘आख्टुंग बेबी’भोवती ४० कार्यक्रम केले. शस्त्रक्रियेतून सावरत असल्यामुळे लॅरी त्यात नव्हता, ड्रमवर ब्रॅम व्हॅन डेन बर्ग होता. पडदे विलक्षण होते, वादनही नेटकं होतं. तरी १९९० च्या त्या खोलीत ‘गाणं कुठे आहे’ असं हट्टानं विचारणारा माणूस नसता, तर हान्झातून नुसते आवाज घेऊन बँड परतला असता, असं मला ठामपणे वाटतं.