सुटणाऱ्या बंधांचे रसायनशास्त्र

ब्रसेल्समध्ये १९२२ पासून भरत आलेल्या सॉल्व्हे रसायनशास्त्र परिषदांना निमंत्रितांची संख्या मोजकीच असते आणि चर्चेसाठी प्रत्येक वेळी एकच विषय निवडलेला असतो. २००७ च्या परिषदेचा विषय, अगदी ढोबळ मराठीत सांगायचा तर, ‘सैल जुळण्यांपासून रेण्वीय यंत्रांपर्यंत’ असा होता आणि अध्यक्षस्थानी फ्रान्सचे ज्याँ-पिएर सोवाज होते. ज्या शास्त्राचा बहुतेक इतिहास अणूंना एकमेकांशी पक्के बांधण्यात गेला, त्या शास्त्राच्या मानाच्या व्यासपीठावर पक्क्या नसलेल्या बंधांची चर्चा व्हावी, ही बाब वाटते तितकी साधी नाही. नऊ वर्षांनी, २०१६ मध्ये, याच विषयातील कामासाठी सोवाज यांना फ्रेझर स्टॉडार्ट आणि बेन फेरिंगा यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

पक्का आणि सैल यांतील अंतर आकड्यांत पाहिले की नीट कळते. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांना जोडणारा बंध तोडायला मोलमागे (म्हणजे रेणूंच्या एका ठरावीक, प्रचंड संख्येमागे) सुमारे ४६० किलोज्यूल ऊर्जा लागते. त्याच पाण्यातील एका रेणूला शेजारच्या रेणूकडे ओढणारा हायड्रोजन बंध मात्र जेमतेम २० किलोज्यूलमध्ये सुटतो. असे दुबळे बंध नेहमीच्या तापमानाला सतत जुळत आणि तुटत असतात. सुप्रामॉलिक्युलर रसायनशास्त्र या दुबळ्या बंधांवरच उभे आहे. हे नाव १९७८ मध्ये ज्याँ-मारी लेन यांनी रूढ केले. एका रेणूच्या आत काय चालते यापेक्षा दोन रेणू एकमेकांना कसे ओळखतात, कसे धरतात आणि कसे सोडतात, हा त्याचा प्रश्न आहे.

या शाखेची सुरुवात मात्र एका फसलेल्या प्रयोगातून झाली. अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीत चार्ल्स पेडरसन १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला व्हॅनेडियम धातूला पकडून ठेवणारा एक रेणू तयार करत होते. त्यांच्याकडच्या कच्च्या मालात सुमारे दहा टक्के कॅटेकॉल हे नको असलेले संयुग शिल्लक राहिले होते. ते ठाऊक असूनही त्यांनी काम पुढे रेटले. हाती आला तो एक चिकट, तपकिरी लगदा, आणि त्यात रेशमासारखे तंतुमय, पांढरे स्फटिक अगदी थोडे, म्हणजे अपेक्षेच्या ०.४ टक्के. साठीकडे झुकलेल्या आणि पीएच.डी. न केलेल्या या संशोधकाने ते फेकून दिले नाहीत, आणि माझ्या मते या कथेतील खरे कौशल्य तिथेच आहे. हे स्फटिक मिथेनॉलमध्ये फारसे विरघळत नव्हते. परंतु थोडा सोडियम हायड्रॉक्साइड टाकताच विरघळत. पेडरसन यांना आधी वाटले की हा अल्कलीचा परिणाम असावा. पण सोडियमचा कोणताही विरघळणारा क्षार टाकला तरी तेच घडत होते. म्हणजे काम हायड्रॉक्साइडचे नव्हते, सोडियमचे होते. अठरा अणूंचे एक कडे, त्यात आतल्या बाजूला तोंड करून बसलेले सहा ऑक्सिजन आणि मधल्या पोकळीत सोडियमचा आयन, असे ते चित्र होते. आयनाच्या डोक्यावर मुकुट ठेवावा तशी ही रचना दिसत असल्याने या संयुगांना क्राउन ईथर हे नाव पडले. याच कड्याच्या पोकळीत पोटॅशियम अधिक नेमका बसतो. १९६७ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि १९८७ चे नोबेल पेडरसन, लेन व डोनाल्ड क्रॅम यांना विभागून मिळाले.

बंध सैल असण्याचा सर्वांत मोठा फायदा म्हणजे चूक दुरुस्त होते. पक्का बंध चुकीच्या जागी जुळला की तो तिथेच राहतो. दुबळा बंध सुटतो आणि रेणूला योग्य जागा शोधण्याची पुन्हा संधी मिळते. तंबाखूच्या पानांवर रोग पाडणाऱ्या विषाणूचे कवच एकसारख्या २,१३० प्रथिनांचे असते आणि त्याची लांबी ३०० नॅनोमीटर भरते. १९५५ मध्ये त्याची प्रथिने आणि आरएनए वेगळे करून परीक्षानळीत पुन्हा एकत्र ठेवले, तेव्हा रोग पसरवू शकणारा विषाणू आपोआप जुळून आला. कोणीही हाताने काही जोडले नव्हते. नॅनोपदार्थ तयार करणाऱ्यांना या शाखेत रस वाटतो तो यासाठीच, कारण इतके बारीक तुकडे एकेक करून जोडत बसणे व्यवहारात शक्य नसते.

१९९६ मध्ये अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ चाड मिरकिन यांच्या गटाने १३ नॅनोमीटर व्यासाच्या सोन्याच्या कणांवर डीएनएचे छोटे धागे बसवले. सुटे असताना हे कण पाण्यात लाल दिसतात. धाग्यांना जुळणारा जोडीदार मिळाला की कण जवळ येतात आणि रंग निळसर होतो. द्रावण तापवले की हायड्रोजन बंध सुटतात आणि लाल रंग परततो. रेणूंची भेट इथे नुसत्या डोळ्यांना दिसते.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर हीच कल्पना अधिक थेट कामाला येते. भूल देताना स्नायू शिथिल करण्यासाठी रॉक्युरोनियम टोचतात. शस्त्रक्रिया संपल्यावर त्याचा प्रभाव उतरवण्यासाठी पूर्वी निओस्टिग्मिनसारखे औषध देत, ज्याने हृदयाचे ठोके मंदावत आणि त्यासाठी आणखी एक औषध द्यावे लागे. सुगामाडेक्स हे नवे औषध निराळ्या मार्गाने जाते. आठ ग्लुकोज घटकांच्या कड्याला, म्हणजे गॅमा सायक्लोडेक्स्ट्रिनला, ऋणभारित शेपट्या जोडून त्याची पोकळी खोल केलेली असते. रॉक्युरोनियमचा रेणू त्या पोकळीत बसतो आणि त्याचा धनभार शेपट्यांच्या ऋणभाराशी जुळतो. स्नायूंपर्यंत पोहोचायला तो मोकळा राहत नाही आणि मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतो. हे औषध युरोपात २००८ मध्ये, तर अमेरिकेत २०१५ मध्ये मंजूर झाले.

सैलपणाची दुसरी बाजूही आहे. २०२५ चे नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना ज्या सच्छिद्र धातू-सेंद्रिय चौकटींसाठी (धातूचे आयन आणि कार्बनी रेणू यांच्या जाळ्या, इंग्रजी आद्याक्षरांत एमओएफ) मिळाले, त्यांपैकी १९९९ ची एमओएफ-५ ही जस्त आणि टेरेफ्थॅलिक आम्ल यांची चौकट होती. तिच्या एका ग्रॅममधील पृष्ठभाग सुमारे २,९०० चौरस मीटर भरतो. पण दमट हवेत ती ढासळू लागते, कारण जस्त आणि आम्ल यांच्या मध्ये पाणी शिरते. २००८ मध्ये ओस्लो विद्यापीठातील गटाने आम्ल तेच ठेवले आणि जस्ताच्या जागी झिर्कोनियम घेतले. झिर्कोनियम ऑक्सिजनला अधिक घट्ट धरत असल्याने ती चौकट पाण्यातही टिकते.