चेकपॉइंट (वितरित प्रवाह-प्रक्रिया)

अखंड येणाऱ्या डेटावर अनेक यंत्रांत मिळून चालणाऱ्या गणनेची स्थिती, म्हणजेच स्टेट, ठरावीक अंतराने टिकाऊ साठ्यात उतरवून ठेवण्याची पद्धत. एखादे यंत्र कोलमडले की शेवटच्या पूर्ण चेकपॉइंटपासून गणना पुन्हा सुरू होते. स्टेटमध्ये चालू बेरजा, अर्धवट भरलेल्या कालखिडक्या (ठरावीक कालावधीतील नोंदींचे गट) आणि स्रोत कुठवर वाचला ती खूण (ऑफसेट) येते. हे सारे एकाच टप्प्याचे असावे लागते.

इंदूरचा सराफा दिवसा दागिन्यांचा आणि रात्री खाण्यापिण्याचा बाजार. तिथल्या रात्रीच्या यूपीआय व्यवहारांची दुकानवार बेरीज ठेवायची आहे, असे समजू. चेकपॉइंटच्या वेळी ८४,२०० वी नोंद वाचून झाली आहे व एका दुकानाची बेरीज १२,६५० रुपये आहे. पुढे त्याच दुकानाचे ४०, ६० व ८० रुपयांचे तीन व्यवहार आले, बेरीज १२,८३० झाली आणि यंत्र बंद पडले. ऑफसेट व बेरीज दोन्ही मागे नेली तर तेच तीन व्यवहार पुन्हा वाचून १२,८३० येतात. ऑफसेट मागे गेला आणि बेरीज तशीच राहिली तर १३,०१० होतात. उलट झाले तर १८० रुपये गळतात. रोजमेळात मागील शिल्लक पुढे ओढताना ती कोणत्या नोंदीपर्यंतची हे पाहावे लागते, तसेच हे आहे.

या पद्धतीचे मूळ बहुधा के. मणि चँडी व लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या १९८५ च्या लेखात दाखवले जाते. त्यात सामाईक घड्याळ नसलेल्या यंत्रणेचे सुसंगत चित्र टिपण्यासाठी मार्कर, म्हणजे खुणेचे, संदेश फिरवले जातात. वाहिन्यांत, म्हणजे संदेश जाण्याच्या मार्गांत, संदेशांचा क्रम टिकतो हे त्यात गृहीत आहे, आणि वाटेत असलेले संदेशही चित्रात धरले जातात. अपाची फ्लिंक या प्रवाह-प्रक्रिया प्रणालीची बॅरियर पद्धत (बॅरियर म्हणजे डेटाच्या प्रवाहात सोडलेली चेकपॉइंटची खूण) पॅरिस कार्बोन व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मांडली. तिला चँडी–लॅम्पोर्टचे रूपांतर म्हणावे की स्वतंत्र पद्धत, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते. अनेक वाहिन्यांतून डेटा घेणाऱ्या ऑपरेटरकडे (गणनेचा एक टप्पा चालवणाऱ्या घटकाकडे) एका वाहिनीतून बॅरियर आला की ती वाहिनी थांबवून इतरांच्या बॅरियरची वाट पाहिली जाते. त्यामुळे चक्र नसलेल्या आलेखात (डेटा फिरून मागे येत नाही अशा मांडणीत) वाटेतले संदेश साठवावेच लागत नाहीत. हा फरक लहान नाही. मात्र फ्लिंक १.११ (२०२०) मध्ये आलेल्या अनअलाइन्ड (इतर बॅरियरची वाट न पाहणाऱ्या) चेकपॉइंटमध्ये बॅरियर बफरांना (वाटेतल्या डेटाच्या तात्पुरत्या साठ्यांना) ओलांडून पुढे जातो व बफरांतील डेटाही साठवला जातो. म्हणजे १९८५ ची वाहिनी-स्थिती, वाटेतले संदेश धरणे, परत आली. म्हणून रूपांतर हे मत अधिक ग्राह्य वाटते. काफ्का या संदेश साठवून पुरवणाऱ्या प्रणालीवरची काफ्का स्ट्रीम्स ही लायब्ररी बॅरियर न वापरता स्टेटमधील बदल चेंजलॉग टॉपिकमध्ये, म्हणजे काफ्कातील बदलांच्या नोंदवहीत, लिहिते.

स्टेट मेमरीत किंवा रॉक्सडीबी या डिस्कवर साठवणाऱ्या डेटाबेसमध्ये ठेवतात. रॉक्सडीबी असल्यास वाढीव (इन्क्रिमेंटल) चेकपॉइंटमध्ये फक्त नव्या फायली वर चढतात. चेकपॉइंट त्याच यंत्राच्या डिस्कवर ठेवणे ही घातक चूक: यंत्र गेले की तोही गेला. पुढचा ऑपरेटर मंदावला की बफर तुंबतात, बॅरियर अडकतो आणि फ्लिंकमध्ये न बदलल्यास असणारी १० मिनिटांची मुदत उलटून चेकपॉइंट रद्द होतो. मुदत वाढवल्याने तुंबलेले सुटत नाही; आधी कोणत्या ऑपरेटरवर दाब आहे ते शोधावे. जुन्या कीजना (ज्यांच्यानुसार स्टेट ठेवले जाते त्या खुणांना, उदा. दुकान) टीटीएल (आयुष्याची मुदत) नसेल तर स्टेट फुगतच राहते. ऑपरेटरांना ठरलेला यूआयडी (ओळखखूण) न देता प्रोग्रामची रचना बदलली, तर जुने स्टेट कोणाचे हे जुळत नाही. कमाल समांतरताही (एका ऑपरेटरच्या जास्तीत जास्त किती प्रती एकाच वेळी चालू शकतात) सुरुवातीलाच विचारपूर्वक ठरवावी. ती मागाहून बदलल्यास जुन्या चेकपॉइंटवरून सुरू करता येत नाही.

‘एक्झॅक्टली-वन्स’ (प्रत्येक नोंदीचा परिणाम नेमका एकदाच) ही हमी मुळात स्टेटपुरती आहे. बाहेर जाणाऱ्या निकालासाठी द्विटप्पी कमिट लागते: चेकपॉइंटआधी लिहिलेले तात्पुरते राहते आणि तो पूर्ण झाल्यावर पक्के होते. काफ्कात लिहिताना फ्लिंकची व्यवहार-मुदत (ट्रान्झॅक्शन टाइमआउट) न बदलल्यास १ तास, तर ब्रोकरची (काफ्काच्या सर्व्हरची) कमाल मर्यादा न बदलल्यास १५ मिनिटे. दोन्ही जुळवली नाहीत तर जॉब सुरूच होत नाही. ती मुदत संपेपर्यंत जॉब बंद राहिला तर कमिट न झालेला डेटा कायमचा जातो. शिवाय वेगळे ठरवून दिले नाही तर काफ्काचे वाचक कमिट न झालेल्या नोंदीही वाचतात. त्यांना फक्त कमिट झालेले वाचायला लावले नाही, तर पुनर्वाचनानंतर तेच व्यवहार त्यांना दोनदा दिसतात.